कोपऱ्यातले यजमान

महिन्यातले दोन शनिवार मी शहरातल्या एका संग्रहालयात फुकट बोलते. बाकीचे दिवस एका बँकेच्या कंप्लायन्स विभागात पगार घेऊन गप्प बसते, त्यामुळे शनिवारी तोंड जरा जास्तच सुटतं. यंदा युरोपातून मध्ययुगाच्या अखेरची काही चित्रं पाहुणी म्हणून आली आहेत आणि ती तीन खोल्यांत लावली आहेत. या खोल्यांतून पाऊण तासात लोकांना फिरवून आणायचं आणि त्या काळात माणसाची मूल्यं कशी बदलत गेली ते चित्रांवरून दाखवायचं, हे माझं काम. लोक मुख्यतः एसीसाठी येतात. निम्मे चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात, आणि उरलेले मला विचारतात की टॉयलेट कुठे आहे.

पहिल्या खोलीत सगळं सोनं आहे. मागे सोन्याचा वर्ख, मध्ये मांडीवर बाळ घेतलेली मेरी, दोन्ही बाजूंना संत, आणि पार तळाच्या कोपऱ्यात हात जोडून गुडघ्यांवर बसलेला एक बोटभर माणूस. हा चित्राचा यजमान. चर्चमध्ये लावायला त्याने हे चित्र करवून घेतलं, म्हणून त्याला कोपरा मिळाला. नाक-डोळे आहेत, पण कुणाचेही चालतील असे. दुसऱ्या खोलीत, बऱ्याच वर्षांनंतरच्या चित्रांत, हाच यजमान वाढत वाढत मेरीच्या गुडघ्याला लागतो आणि बायकोलाही बरोबर आणतो. तिसऱ्या खोलीत दोघं थेट मेरीच्या घरात येऊन बसलेली असतात, तिच्याएवढीच मोठी. सोनं गेलेलं असतं. मागे खिडकी येते, खिडकीतून त्यांचं शहर दिसतं, आणि बाप्याच्या नाकाशेजारची चामखीळसुद्धा चित्रात असते.

इथे मी थोडी थांबते आणि माझं ठेवणीतलं वाक्य टाकते: देव लहान झाला की नाही ते मला माहीत नाही, पण माणूस फुगला एवढं नक्की. लोक हसतात. एका बाईंनी तर ते वहीत लिहून घेतलं होतं. मलाही ते आवडायचं, कारण ते म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर युरोपातलं कुणी नसायचं. आमचं मंडळ असायचं.

आम्हा परदेशातल्या मराठी माणसांच्या मंडळाचा गणपती इथल्या सेरंगून भागातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. मी या देशात आले तेव्हा ज्याने प्रसादाचा खर्च उचलला त्याचं नाव कुणीतरी स्केचपेनने कागदावर लिहून पेढ्यांच्या खोक्याशेजारी चिकटवायचं. पुढे त्या कागदाची पट्टी झाली, पट्टीचा उभा बॅनर झाला, बॅनरवर फोटो आले. मग फोटोतली माणसं आरतीला पहिल्या रांगेत उभी राहायला लागली आणि निवेदिका त्यांची नावं आरतीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यायला लागली. दोन वर्षांपूर्वी तर एका विमा एजंटाचा बॅनर इतका मूर्तीला लागून उभा केला होता की नमस्कार करणाऱ्याला नक्की कुणाचा आशीर्वाद मिळतोय असा प्रश्न पडावा. हे सगळं बघून मी नाक मुरडायचे आणि घरी येऊन नवऱ्याला ऐकवायचे. त्याने केव्हाच ऐकणं सोडलं होतं.

मूर्तीच्या मागचा पडदा मात्र माझ्या आईचा असायचा. आई सांगलीच्या शाळेत चित्रकलेची बाई होती. निवृत्त झाली, बाबा गेले, मग मी तिला इथे पुंगोलला आमच्या फ्लॅटवर आणलं, आणि आठ वर्षं दरवर्षी तिने मंडळाचा पडदा रंगवला. मांजरपाट ती स्वतः सांगलीहून आणून ठेवायची. त्याला खळ लावायची, ती इथल्या दमट हवेत वाळेना म्हणून बैठकीच्या खोलीत दिवसभर एसी चालू, सोफा दारात, आणि आम्ही घरातली माणसं भिंतीला पाठ लावून स्वयंपाकघरात ये-जा करणार. तिच्याकडे गणपतीचा एक जुना खाका आहे. जाड कागदावर आकृती आणि प्रत्येक रेघेवर टाचणीने पाडलेली भोकं. कापडावर तो कागद पसरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलके आपटत न्यायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांचा गणपती तयार. मध्ययुगातले चित्रकार असेच खाके वापरायचे, हे मी पर्यटकांना तिन्ही खोल्यांत सांगते. आईला ते मी कधी सांगितलं नव्हतं.

यंदा पाडव्याच्या सुमारास तिचा उजवा हात थरथरायला लागला. पॉलीक्लिनिकच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार असं सरळ सांगितलं. तिथून निघताना लिफ्टमध्ये आई म्हणाली, यंदाचा पडदा होईल, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. घरी येऊन तिने मॉपच्या दांडीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा बांधला, ती दांडी डाव्या हातात आडवी धरून उजवं मनगट तिच्यावर टेकवलं आणि रेघ ओढून पाहिली. सकाळी दहा ते बारा हात बरा राहायचा. बारानंतर तो तिचा राहायचा नाही.

याच सुमारास मंडळाच्या अध्यक्षांनी मला फोन केला. हे आयटीतले मॅनेजर आहेत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बरोबर आहे ना असं विचारतात, उत्तराची वाट न बघता. मंडळाच्या सभासदांसाठी मराठीतून टूर द्याल का, असं त्यांचं म्हणणं. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, चांगली संधी आली, तिसऱ्या खोलीत यांना आरसा दाखवू.

वीसेक जण आले. मी जीव तोडून बोलले. पहिल्या खोलीतला बोटभर यजमान दाखवला, दुसऱ्या खोलीतला गुडघ्याएवढा दाखवला, आणि तिसऱ्या खोलीत तर, हे सांगायला आता लाज वाटते, मी बोलताना मुद्दाम यंदाच्या मुख्य स्पॉन्सर जोडप्याकडे बघत होते. पासिर रिसला महागड्या कॉन्डो-फ्लॅटमध्ये राहणारी, ट्यूशन सेंटर चालवणारी नवरा-बायको. मुलांची गणिताची भीती घालवतो म्हणतात. मुलांची जाते की नाही माहीत नाही, आईबापांची वाढते हे मी पाहिलंय. माझं ठेवणीतलं वाक्य आलं तेव्हा सगळे हसले आणि ती दोघंही हसली. चामखिळीपाशी तर ते गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून इतक्या जवळ गेले की पहारेकऱ्याने त्यांना मागे सरकायला सांगितलं. मी मनात म्हटलं, गेंड्याची कातडी.

आरसा दाखवला खरा, पण त्यांना त्यात दागिना दिसला. आठवड्याने अध्यक्ष घरी आले, आईच्या पाया पडले, चहा घेतला आणि म्हणाले की काकू, यंदा पडद्यावर खाली दोन्ही कोपऱ्यांत आपले स्पॉन्सर हात जोडून बसलेले दाखवले तर? बॅनरची कटकटच नको. मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "ताईंच्या टूरवरूनच सुचलं मला. किती छान प्रथा होती ती, बरोबर आहे ना?"

मी तोंड उघडेपर्यंत आईने उत्तर देऊनही टाकलं. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं. काढते की, म्हणाली, पण फोटोवरून नाही काढणार. समोर येऊन बसायला सांगा.

अध्यक्ष गेल्यावर मी तिच्यावर घसरले. म्हटलं, अगं, देवाच्या पडद्यावर ट्यूशनवाले? उद्या ते फोन नंबरही घालायला सांगतील. ती दांडीचा बोळा पुन्हा घट्ट बांधत होती. तिने एवढंच विचारलं की त्या बाईंचा चेहरा गोल आहे ना. मी म्हटलं, मी कशाला बघायला जाऊ. मग जी माहिती होती ती दिली: सोनं भरपूर घालतात.

पुढचे तीन रविवार ती जोडगोळी आमच्याकडे यायची. पहिल्या दिवशी बाई पैठणी नेसून, नथ घालून आल्या. पुंगोलच्या एलआरटी गाडीत सकाळी दहाला पैठणी! मी दार उघडलं आणि हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले. आईने त्यांना माझा घरातला कॉटनचा कुर्ता दिला आणि नथ काढून ठेवायला लावली. नथीखाली ओठ दिसत नाही, म्हणाली. माझा कुर्ता त्यांना दंडात घट्ट होत होता. मी स्वयंपाकघरात बसून पोहे चिवडत सगळं ऐकत होते आणि मनातल्या मनात नवऱ्याला सांगायची वाक्यं जुळवत होते. नवरा त्या तीन रविवारी ऑफिसच्या कामाशी एकाएकी फार प्रामाणिक झाला होता.

आई बोलत होती. हे मला नवीन होतं. एरवी रंगवताना ती तोंडातून अक्षर काढत नाही. आता मात्र हनुवटी जरा खाली घ्या हं, तुमचा डावा डोळा उजव्यापेक्षा वर आहे बरं का, कुणी सांगितलं होतं का कधी, असं चाललं होतं. गृहस्थांना गुडघ्यांवर बसता येईना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा तोल गेला आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात टेकला. तसेच राहा, आई म्हणाली. इतक्या मोठ्याने की माझी लेक तिच्या खोलीतून बाहेर डोकावली. दुपारी मी पडद्यापाशी गेले तर कोपऱ्यात कोळशाने त्यांचा तो हात काढलेला होता, खांद्यावर भार टाकलेला, बोटं पसरलेली. मी तो पाहिला आणि पुढे गेले. माझ्या लेखी तो स्पॉन्सरचा हात होता.

लेक मात्र पडद्यासमोर फतकल मारून बसली होती. "आजी, this one damn good lah," म्हणाली. गणपतीबद्दल तिने आठ वर्षांत काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी चेहरे झाले, तिसऱ्या रविवारी कपडे. तोवर माझा पारा चांगलाच चढला होता. आईचा शेवटचा पडदा, आणि तो या दिखाऊ लोकांनी बाटवायचा? माझ्या आईने आयुष्यभर कशावर सही केली नाही, स्वतःला पुढे केलं नाही, आणि आता तिच्या थरथरत्या हाताने यांच्या तोंडाला रंग लावायचा? असं मी स्वतःला सांगत होते आणि सांगता सांगता माझे डोळेही भरून यायचे. रागात एक मोठी सोय असते. आपण कुणासाठी तरी भांडतोय असं वाटतं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, हॉकर सेंटरमध्ये एका हाताने नूडल्स खात, मी मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. आईच्या वतीने. देवाच्या पडद्यावर स्पॉन्सरांचे चेहरे काढणं हे तिच्या कलेच्या निष्ठेत बसत नाही, वयामुळे ती कुणाला नाही म्हणू शकली नाही, पण मुलगी या नात्याने मला हे सांगणं भाग आहे. भक्ती आणि जाहिरात यांत फरक राहू द्या, नाहीतर यंदा पडदा मिळणार नाही. भाषा चांगली उतरली होती. मध्ययुगाचं एक वाक्यही घातलं होतं. माझा हिशेब असा की समिती घाबरेल, यजमानांना वगळेल आणि आई त्या दोन कोपऱ्यांत फुलं रंगवेल. फुलं तिची चांगली असतात.

संध्याकाळपर्यंत टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस. कुणीतरी बोललं एकदाचं, असं तिघांनी लिहिलं. यातले दोघं मागच्या वर्षी स्वतःचा फोटो बॅनरवर घालून घेणारे होते. रात्री नऊच्या सुमारास ट्यूशनवाल्या गृहस्थांचा मेसेज आला. आमच्यामुळे वाद नको, आमची तशी काही इच्छा नव्हती, बोलावलं म्हणून आलो, काकूंना त्रास झाला असेल तर माफ करा. आमची मदत आहे तशीच राहील, नाव कुठेही नको. मी ते वाचलं आणि म्हटलं, बघा, कसे सुतासारखे सरळ आले.

समिती घाबरली, पण माझ्या हिशेबाप्रमाणे नाही. अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा कुणाचंच मन दुखायला नको म्हणून पडदाच नको, छापील बॅनर लावू. बरोबर आहे ना? सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मी दोन दिवस आईला काही सांगितलं नाही. शुक्रवारी मी रजा घेतली होती; बाराच्या सुमारास तिने कापड गुंडाळून त्याला नाडी बांधली आणि विचारलं की मंडळाची गाडी कधी येणार. मी सांगितलं. आधी थोडं, मग सगळं. मेसेजही वाचून दाखवला, कारण मला अजूनही तो चांगला उतरलाय असंच वाटत होतं.

ती सोफ्यावर बसली. सोफा तेव्हाही दारातच होता.

"माझ्या नावाने लिहिलंस," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्यासाठी लिहिलं. त्या लोकांनी तुझ्या चित्राचा बॅनर केला असता. संग्रहालयातल्या तिसऱ्या खोलीसारखं झालं असतं, देवापेक्षा यजमान मोठे.

"मी आले होते तुझ्या त्या तिसऱ्या खोलीत. विसरलीस?" ती खरंच आली होती, पहिल्याच आठवड्यात, लेकीचा हात धरून, आणि मी टूरच्या गडबडीत होते. "तू म्हणालीस, माणूस फुगला. बोटभर माणूस काढायला काय लागतं गं? त्याला चेहराच नसतो. कुणीतरी पहिल्यांदा त्यांना समोर बसवून बघितलं, म्हणून ती त्या मापाची झाली. त्या चामखिळीसाठी कुणी पैसे दिले असतील होय? ती बघणाऱ्याने बघितली."

मी काहीतरी म्हणणार होते. तिने हात वर केला, आणि तो थरथरत होता, बारा वाजून गेले होते.

"तीस वर्षं मी पोरींना आंबा आणि तांब्या शिकवला. गणपती खाक्यावरून. हे दोन चेहरे मी काढले."

मी विचारलं, चहा करू का. ती म्हणाली, कर.

गणपती बसला. मागे छापील हिमालय होता, त्यातून एक धबधबा निघून थेट मूर्तीच्या डोक्यात पडत होता, आणि कोपऱ्यात छापणाऱ्या दुकानाचं नाव. अध्यक्षांनी माइकवरून यंदाची सजावट किती सुटसुटीत आहे ते सांगितलं. लोकांनी त्या धबधब्यासमोर फोटो काढले. ज्यांनी मला टाळ्या पाठवल्या होत्या ते पुढे होते. भक्ती आणि जाहिरात यांतला फरक आता अगदी स्पष्ट झाला होता. फक्त जाहिरात उरली होती.

ट्यूशनवाली दोघं मागच्या रांगेत उभी होती. आरती झाल्यावर नमस्काराला पुढे आली. गृहस्थ खाली वाकायला गेले, गुडघा अडला, आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात टेकला. बोटं पसरलेली. बाईंनी न बघता खांदा जरासा वर उचलून दिला. हे त्यांचं कित्येक वर्षांचं असणार. मंडळात मी त्यांना चार वर्षं नमस्कार करताना पाहत होते, म्हणजे त्यांच्या सोन्याकडे, बॅनरकडे, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या जागेकडे पाहत होते. तो हात मी पहिल्यांदा पाहिला तो आईच्या कोळशात, आणि तिथेही नीट पाहिला नव्हता. मी शेजारच्या बाईंना धबधब्याबद्दल काहीतरी वाकडं बोलून घेतलं, त्याने बरं वाटेल असं वाटलं होतं.

त्यानंतर महिनाभरात आईच्या हातातून चमचा पडायला लागला. पडद्याची गुंडाळी कपाटामागे उभी होती. लेक एकदा म्हणाली की ती स्वतःच्या खोलीत लावते, पण आमच्या खोल्या म्हणजे काय, पलंगाला हात लावून फिरावं लागतं. शेवटी मी मनाचा हिय्या केला आणि ट्यूशनवाल्या बाईंना फोन केला. माफीसुद्धा मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती जरा भाषणासारखी झाली. पडदा तुमच्याकडे लावाल का, असं विचारलं. त्या दोन वेळा, खरंच का, म्हणाल्या. त्याच संध्याकाळी दोघं टॅक्सीने येऊन गुंडाळी घेऊन गेली.

दोन आठवड्यांनी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आईने सकाळपासून ठरवून ठेवलं होतं की कुठली साडी. पासिर रिसला बसने गेलो. बसमध्ये तिने मला विचारलं की त्यांच्या बैठकीत उजेड कुठल्या बाजूने येत असेल, कारण बाईंच्या गालावरची सावली तिने डावीकडची धरली होती. मी म्हटलं, आता बघशीलच.

पडदा भिंतभर लावला होता. वरून छोटे दिवे सोडले होते, खाली समई. मध्ये आईचा गणपती, दरवर्षीचा, ठिपक्यांतून आलेला, सोंडेचं वळणसुद्धा तेच. आणि गणपतीच्या पावलांखाली कापड एका पाइपभोवती नीट गुंडाळलेलं होतं, दोन्ही टोकांना लाल नाडीने बांधलेलं. दोन्ही कोपरे त्या गुंडाळीत होते.

मला वाटलं, भिंत कमी पडली असेल. भिंत कमी पडली नव्हती. खाली हातभर जागा मोकळी होती. मी म्हटलं, हे उघडा ना, खालचं, तुम्ही दोघं आहात तिथे. मी पुढे होऊन नाडीला हातही घातला.

गृहस्थ घाईघाईने उठले, खुर्चीच्या हाताला धरून. "राहू द्या ताई," म्हणाले. "तुम्ही लिहिलं होतं ते बरोबरच होतं. देवाच्या पडद्यावर आम्ही कुठे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला असता तर मला सोपं गेलं असतं. बाई आईला म्हणाल्या की काकू, रोज संध्याकाळी इथेच दिवा लावतो. आई खुर्चीत बसली होती, हात पदराखाली घेतलेला. तिने गणपतीकडे बघितलं, मग खालच्या गुंडाळीकडे, आणि म्हणाली की छान लागलाय. जेवायला अळूवड्या होत्या. आईने दोनदा मागून घेतल्या, आणि बाईंनी तिला त्या बारीक तुकडे करून वाढल्या.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, मी उद्या त्यांना फोन करते. नीट समजावून सांगते. ते उघडतील.

आई खिडकीबाहेर बघत होती. "उघडतील," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून झाकलं, तू सांगितलंस म्हणून उघडतील." मग, माझ्याकडे न बघता, "त्यांनी अजून चेहरे पाहिलेच नाहीत गं. मी खालून गुंडाळलं होतं, त्यांनी वरचंच सोडलं. पहिल्याच रविवारी मी म्हटलं होतं, आता बघू नका, हॉलमध्ये लागला की बघा."